जुनी फोर-व्हील जीप घरीच दुरुस्त करायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात गोठ्याच्या कडेला नाहीतर उसाच्या बांधावर ताडपत्रीखाली एखादी जुनी जीप असतेच. ती पाहून ज्यांचे हात शिवशिवतात, पण जे मिस्त्री नाहीत, अशांचे हे प्रश्न आहेत. उत्तरे देताना महिंद्राची जुनी जीप डोळ्यांसमोर आहे, कारण आपल्याकडे तीच जास्त सापडते.

पहिलीच गाडी आहे. कोणती घेऊ?

जिचे पार्ट सकाळी निघून संध्याकाळी घरी आणता येतील, ती. बाकीची आवडनिवड त्यानंतर.

या हिशेबात महिंद्राची सीजे ३बी आणि तिच्या पुढच्या बहिणी पहिल्या बसतात. ३बी मूळ अमेरिकेच्या विलीस कंपनीची घडण, महिंद्राने परवान्यावर बनवलेली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८० इंच. तिचे बॉनेट उंच दिसते ते शोभेसाठी नव्हे. खाली हरिकेन नावाचे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावे लागले. गिअर तीनच. सगळे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही.

रोज वापरायची असेल तर एमएम ५४० बरी. तिच्यात प्यूजोच्या घडणीचे डिझेल इंजिन आहे, गाडी थोडी लांब आहे आणि रस्त्यावर जरा माणसात वागते. जुन्या डिझेल जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंजिनही सापडते. त्याचे काम तुमच्या गावातला ट्रॅक्टर मिस्त्री डोळे झाकून करील.

मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली, तेव्हा ती ९७० सीसीची होती. १९९६ पासून १३०० सीसीची जिप्सी किंग मिळू लागली. गाडी हलकी आणि चिखलात चपळ, पण बॉडीचा पत्रा आतून गंजतो आणि वरून कळत नाही. जोंगा म्हणजे निस्सान पेट्रोलच्या घडणीची, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली सहा सिलिंडरची गाडी. आवाज ऐकून माणूस वेडा होतो. ती घेणाऱ्याने आधी पेट्रोलपंपवाल्याशी सोयरीक करावी.

गाडी खरंच फोर-व्हील आहे का, हे कसे ओळखायचे?

खाली वाकून. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा आहे का आणि त्याच्याकडे जाणारा जॉइंट-शाफ्ट जोडलेला आहे का, हे बघा. आत गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर पाठवणाऱ्या पेटीच्या) दांड्या हव्यात.

हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण आपल्याकडे तो गरजेचा आहे. विटा, तासगाव, जतच्या वाटांवर वर्षानुवर्षे वडाप (शेअर प्रवासी वाहतूक) केलेल्या लांब जीप आज स्वस्तात विकायला निघतात. त्यातल्या बहुतेक मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या. बंपरवर मोठ्या अक्षरात ‘४×४’ लिहायला रंगाचा डबा पुरतो. वडापची गाडी पिवळ्या पाटीची असते. ती खासगी करून घ्यायची यातायातही खरेदीच्या हिशेबात धरा.

कुठल्या भागातली गाडी शोधू?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे माण-खटाव. दुष्काळी भागाने माणसांचे हाल केले, पण पत्रा राखला. शिराळ्याच्या पश्चिमेची, जावळी-महाबळेश्वरची किंवा घाटाखालून वर आलेली गाडी असेल तर चेसिसला स्क्रूड्रायव्हर टोचल्याशिवाय पैशाची गोष्ट काढू नका.

पुरात गेलेली गाडी घ्यावी का?

२००५, २०१९ आणि २०२१ असे कृष्णेने आपल्याला तीनदा घोळसले. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे सांगलीत विकायला आलेल्या प्रत्येक गाडीला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जुन्या जीपमध्ये संगणक नाही, त्यामुळे पुराने ती नव्या मोटारीसारखी मरत नाही. पण पाणी हाउसिंगच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) आणि सीलमधून डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसमध्ये शिरते आणि बेअरिंगांवर गंजाचे डाग पाडते. तिन्हींचे ड्रेन प्लग सोडून बघा. ऑईल दुधाळ आले किंवा आधी नुसते पाणी आले, तर त्या सगळ्या बेअरिंगांची किंमत वजा करून बोला. डॅशच्या मागे, चेसिसच्या बंद कोपऱ्यात आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पानांमध्ये गाळ सापडतो. गाडी धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. इंजिनात पाणी असल्याचा संशय असेल तर सेल्फ मारून बघू नका. आधी प्लग काढा, डिझेल असेल तर नोझल काढा, मग हाताने फिरवा.

कागद नाहीत, पण गाडी फार चांगली आहे. काय करू?

चहा प्या आणि परत या.

आता सविस्तर. चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. नंबरावर रंगाचा जाड थर असेल तर मालकासमोर पॉलिश पेपरने घासा. घासू देत नसेल तर उत्तर मिळाले. नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंग असेल, अक्षरे वरखाली असतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडा. उत्तरेत, विशेषतः हरियाणातल्या डबवालीच्या बाजारात, वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट जोडून नव्यासारख्या दिसणाऱ्या जीप तयार होतात. त्यांच्याबरोबर येणारे कागद भलत्याच गाडीचे असू शकतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील हलक्या मोटारींची नूतनीकरण फी १०,००० रुपये केली. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी संपून बरीच वर्षे गेली असतील तर दंड साचलेला असतो. तो किती, हे सौदा होण्याआधी आरटीओत विचारा. परराज्यातली गाडी असेल तर तिकडचे ना-हरकत पत्र मालकाने स्वतः काढून द्यावे, अशी अट घाला. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

एमएच-१० ची म्हणजे सांगलीची गाडी, पहिला किंवा दुसरा मालक, आरसीवर तोच इंजिन नंबर. असे मिळाले तर पत्रा थोडा सडका असला तरी चालेल. पत्रा विकत मिळतो.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकले तर?

आपल्याकडच्या निम्म्या जुन्या जीपवर हा प्रयोग कधी ना कधी झालेला असतो, पण ‘सगळेच करतात’ हे आरटीओत सांगायचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी लागते. तसली गाडी घेताना आरसीवर इंधन काय लिहिले आहे ते पाहा. अपघात झाला की विमा कंपनी पहिले तेच पाहते.

गाडी ५० वर्षांची आहे. व्हिंटेज नोंदणी करू का?

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला ती मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण मग ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर पडू शकते. रानात चक्कर मारायला जीप हवी असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

सगळी गाडी मोकळी करून एकदाच स्वच्छ काम करावे, असे सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात खरे, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी आजही पोत्यांत भरलेली आहे.

व्हिडिओत दिसते तसे बॉडी उचलून, चेसिस नागडी करून, नटबोल्टपर्यंत सगळे सुटे करायचा मोह होतो. सोडायला एक रविवार लागतो आणि अंगात जोर असतो. जोडायला पैसा, आठवण आणि मोकळा वेळ तिन्ही एकदम लागतात. मध्येच उसाची तोड येते, पोरीचे लग्न ठरते, पाऊस लागतो, आणि बेअरिंगांच्या डब्यात पाणी शिरते. मग भंगारवाला किलोवर भाव सांगतो.

माझे मत ठाम आहे: चालती गाडी चालतीच ठेवा. एका वेळी एकच अंग उघडा, ते पुरे करा, गाडी चालवून बघा, मग दुसरे. आधी ब्रेक, मग स्टेअरिंग, मग पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, मग इंजिनाच्या कटकटी, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. या पद्धतीने गाडी प्रदर्शनात पहिली येणार नाही. पण दर दोन-तीन आठवड्यांनी तुम्ही तिच्यात बसून मळ्यात जाऊन येता, आणि घरच्यांनाही ती अडगळ वाटत नाही. शिवाय काही बिघडले तर नुकते कशाला हात लावला होता हे पक्के माहीत असते. सगळेच एकदम जोडले की आवाज कुठून येतो ते देवालाही कळत नाही.

चेसिसच सडलेली असेल तर मात्र बॉडी उचलण्याला पर्याय नाही. म्हणून तर घेताना टोचून बघायचे.

काय घरी करावे आणि काय बाहेर द्यावे?

घरी: ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर, व्हील बेअरिंग, ग्रीसिंग, पाट्यांचे बुश, शॅकल, जॉइंटचे क्रॉस, क्लच प्लेट, रेडिएटर काढणे-बसवणे, कार्बोरेटरची सफाई, पूर्ण वायरिंग, सीटा, हूड.

बाहेर: क्रँक घासणे, बोअरिंग, हेडचे सरफेसिंग, ड्रम फिरवणे, डिझेल पंप आणि नोझल, क्राऊन-पिनियनचे सेटिंग. कुपवाड एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत. मोठे काम असेल तर कोल्हापूरचे उद्यमनगर तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे ओतकामापासून सगळे होते. इंजिनाचे सुटे भाग स्वतः स्वच्छ करून, चिठ्ठ्या बांधून न्या. धुतलेले सामान नेणाऱ्या गिऱ्हाइकाशी मिस्त्री वेगळ्या आवाजात बोलतो.

हत्यारे कोणती लागतील?

जीप विलीसच्या घराण्यातली असेल तर इंचाचे पाने हवेत. १३ चा पाना ‘जवळजवळ’ बसतो आणि बोल्टचे डोके गोल करून ठेवतो. प्यूजो इंजिन मिलिमीटरचे आहे, त्यामुळे एमएम ५४० ला दोन्ही सेट लागतात. चांगला रिंग पान्यांचा सेट, सॉकेट, टॉर्क पाना, ग्रीस गन, मल्टिमीटर, दोन जॅक, चार भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). मागचे ड्रम टेपर अ‍ॅक्सलवर चावीने बसलेले असतील तर हब पुलरशिवाय निघत नाहीत. घण मारून काढायला गेलात तर बेअरिंगाचा चुरा होतो. पुलर उसना आणा.

चाकाचे नट काही केल्या सुटत नाहीत. काय चुकतेय?

गाडीची डावी बाजू आहे का? जुन्या विलीस घडणीत डाव्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला दिसतो. असा नट एरवीच्या घट्ट करायच्या दिशेला फिरवला की सुटतो. बाकी गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री भेदक तेल लावा आणि सकाळी थोडे पुढे, थोडे मागे करत काढा. तरी नाही हलला तर गॅसने नट तापवा. जवळ ब्रेकचा रबर किंवा पेट्रोलची नळी नको.

गाडीखाली झोपताना हँडब्रेक ओढला की पुरे ना?

अजिबात नाही. हे उत्तर दोनदा वाचा.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो आणि जॉइंट-शाफ्टमार्फत मागची चाके धरतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला उलटे फिरू देते आणि जमिनीवरचे चाकही सुटते. हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी सरकते. मागचा शाफ्ट काढला असेल तर हँडब्रेक नुसता शोभेला. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चेसिसखाली घोड्या. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नका. वीट फुटताना आधी आवाज करत नाही.

ब्रेकमध्ये काय काय बदलावे?

रबराचे सगळे. चारही चाकांना ड्रम आणि जुन्या गाड्यांत सगळ्यांना मिळून एकच सर्किट, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. लोखंडी नळ्या वरून ठीक दिसल्या तरी बदला. खर्च फार नाही. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचे चाक आधी घ्या. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाळीसच्या पुढे गेले की स्टेअरिंग थरथरते.

स्टेअरिंग डँपर बसवून देणारे भेटतील. थरथर त्याने झाकली जाते, बरी होत नाही. क्रमाने बघा: टायरची हवा आणि बॅलन्सिंग, व्हील बेअरिंगची ढिलाई, टायरॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग आणि त्याखालच्या शिम, पाट्यांचे बुश. ३बी मध्ये मध्यावर बेलक्रँक (स्टेअरिंगचा जोर चाकांकडे वळवणारा सांधा) असतो, त्याची पिन झिजली की बाकी सगळे नवे असूनही गाडी रस्त्यावर झोकांड्या खाते. एकाने स्टेअरिंग थोडे डावे-उजवे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे. कुठे हलते ते बोटालाच कळते.

फरशीचा पत्रा सडलाय. लांबी (पुट्टी) भरून चालेल?

लांबी खड्ड्यासाठी असते, भोकासाठी नाही. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, १८ गेजचा तुकडा बेतून लांब-लांब अंतरावर वेल्डिंगचे टाके मारा, म्हणजे पत्रा पोळून वाकडा होत नाही. फरशीच्या खालच्या आडव्या पट्ट्यांत पाणी आणि माती साचते, गंज तिथूनच वर येतो. त्या बदलल्याशिवाय वरचा तुकडा दोन पावसाळे टिकत नाही.

३बी ची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डिंगआधी ती काढून लांब ठेवा. ‘रिकामी आहे’ हे कारण नको. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. बॅटरीच्या वायरीही सोडा.

लष्करी हिरवा रंग द्यायचाय.

देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. खाकी, करडा, बॉटल ग्रीन, जुना निळा यातला घ्या आणि आरसीवर रंगाची नोंद बदलून घ्या.

ऑईल कोणते आणि गळती कुठवर सहन करावी?

डिफरन्शियलला हायपॉइड गिअर असतात, तिथे ९० नंबरचे जीएल-५ दर्जाचे गिअर ऑईल. गिअरबॉक्सला जीएल-४ च, कारण जीएल-५ मधली काही रसायने सिंक्रोच्या (गिअर न खरडता बसवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका, मग खरडल्याचा दोष पेटीला द्यायला नको. उभ्या गाडीखाली रात्रीत एखादा थेंब पडला तर पुठ्ठा ठेवा. ब्रेक ड्रममध्ये ऑईल आले तर मात्र त्याच दिवशी सील बदला.

आताच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच उसापासून झालेले, ही गंमत वेगळीच. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि पाणी ओढून घेते. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची किट इथेनॉलला टिकणारी बसवा. नळ्या दर पावसाळ्याआधी दाबून बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

फोर-व्हील नेहमी टाकून ठेवले तर पकड चांगली मिळते का?

डांबरी रस्त्यावर नाही. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाके जास्त अंतर कापतात, तो फरक कोरड्या रस्त्यावर कुठेच सुटत नाही, आणि ताण क्रॉसवर आणि गिअरवर बसतो. मग दांडी अडकते, निघत नाही. तशी अडकली तर थोडे मागे घ्या, सुटते. काळ्या रानातला चिखल, ओढ्यातली वाळू, ओला चढ इथेच वापरा. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) पुढचा अ‍ॅक्सल जोडलेलाच हवा, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर जातो.

हॅन्डल मारून सुरू करता येते का?

येते, आणि पोरांना दाखवायला मजा येते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांडीला विळखा घालायचा नाही, आणि हॅन्डल खालून वर ओढायचे. टायमिंग पुढे असेल तर इंजिन उलटा झटका देते, त्यात अंगठा मोडतो.

खर्च किती येईल?

कुणी एक आकडा सांगितला तर त्यावर विसंबू नका. गाडी घ्यायला जेवढे लागले तेवढेच बाजूला काढून ठेवा आणि त्यातला मोठा वाटा टायर, ब्रेक आणि इंजिनाच्या लेथकामासाठी धरा. पार्ट घेताना जुना हातात धरून न्या. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जुने मूळ पार्ट मिळतात. झिजलेला मूळ पार्ट दुरुस्त करून वापरणे हे पुष्कळदा हलक्या नव्या पार्टपेक्षा फायद्याचे पडते.

पहिली लांबची फेरी कुठे न्यावी?

आधी घराभोवतीच. मग दंडोबाचा डोंगर चांगला. चढ आहे, वळणे आहेत आणि काही झालेच तर मिरज फार लांब नाही. बरोबर पाणी, फॅनबेल्ट, पेट्रोलची नळी, तार आणि जॅक. वर पोचल्यावर चारही हबना हात लावून बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे बेअरिंग आवळले गेले आहे किंवा ब्रेक घासतोय. उतरताना गिअरमध्येच उतरा. घरी आल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.